शेवंतीचा मुजरा

वाघजाईवाडीत चिमाजीकडे कुणी पाहुणा आला, तर त्याला चहाच्या आधी मुजरा बघावा लागे. चिमाजी पागेतून शेवंतीला बाहेर काढी, दगडी ओट्यापाशी आणून उभी करी आणि स्वतः ओट्यावर चढून तिच्या मानेवर डावा हात ठेवी. हात पडला रे पडला की घोडी चघळणं थांबवायची, चारी पाय जरासे फाकवून मातीत रोवायची आणि कान मागं घेऊन खांबासारखी उभी राहायची.

"शिकवल्यालं न्हाई बरं का," चिमाजी म्हणायचा. "मालकाला वळखती. मुजरा करती."

पाहुणा मोबाईल काढायचा, फोटो व्हायचा, मग चहा यायचा. चाकणच्या आसपास हा मुजरा बऱ्यापैकी ठाऊक झाला होता. वाडीतल्या बैलवाल्या अर्जुनरावांनी तर एकदा पुण्याहून आलेले व्याही खास एवढ्यासाठी आणले होते. व्याह्यांनी घोडीला गूळ भरवला आणि जाताना चिमाजीला नमस्कार केला. त्या नमस्काराची गोष्ट पुढं वर्षभर वाडीला ऐकावी लागली.

चिमाजीची बरीचशी जमीन एमआयडीसीत गेली. लहानपणी ज्या रानात त्यानं पाखरं राखली, त्याच रानावर उभ्या राहिलेल्या कंपनीत तो प्रेस मशीनवर लागला. याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही, कामाला जायला जवळ पडलं एवढंच तो म्हणायचा. उरलेल्या तुकड्यावर त्यानं भाड्याच्या खोल्या काढल्या, मागच्या बाजूला गोदामाच्या भिंतीला लागून पागा बांधली आणि कंपनीतून मोकळा झाल्यावर तो पूर्णवेळ घोडीवाला झाला. खरं म्हणजे तो आधीपासून घोडीवालाच होता. कंपनीत जायचा ते मधल्या वेळात.

घोडीवाला म्हणजे वरातीच्या घोडीचा मालक असं कुणी समजलं तर चिमाजीच्या डोक्यात तिडीक जायची. आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढं घोडी पळते. घाट म्हणतात तो डोंगरातला नव्हे, चढाची सरळ पट्टी असते. खालून बैल सुटतात आणि त्यांच्या पुढं घोडीवर स्वार. काम दिसतं तेवढं सोपं नाही. घोडी फार पुढं गेली तर बैलांचा हुरूप जातो, आणि मागं राहिली तर बैल अंगावर येतात. बैलांना सारखं वाटलं पाहिजे की आता गाठली, आणि गाठता तर येऊ नये. हे अंतर राखणारा स्वार चांगला. चिमाजी मिसरूड फुटल्यापासून हे अंतर राखत आला होता, आणि अर्जुनरावांचे बैल घाटात उतरले की पुढं चिमाजीची घोडी हे वाडीत ठरलेलंच होतं.

मध्ये कोर्टानं शर्यती बंद केल्या. लोकांनी घोड्या विकल्या, काहींनी वरातीला लावल्या. चिमाजीनं मात्र नेमक्या त्या काळात शेवंतीला विकत आणली. तांबूस अंगाची, गुडघ्याखाली काळी, भीमथडी रक्ताची, चणीनं लहान पण काटक. शर्यत नाही आणि घोडी घेतो, म्हणून वाडीनं त्याला वेड्यात काढलं. तो म्हणाला, "कायदा आज हाय, उद्या न्हाई. घोडी एका दिवसात तयार होत न्हाई." हे खरंच ठरलं. शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आसपासच्या गावांत तयार घोडी म्हणावी अशी चिमाजीचीच होती. त्या पहिल्या वर्षी अर्जुनरावांचे बैल घाटात पहिले आले, पुढं शेवंती, आणि लोकांनी चिमाजीला खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला. प्रयत्नच म्हणायचं. दोघांनी धरला, चौघांनी धरला, आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवून भागवलं.

बंदीच्या वर्षांत शेवंतीला काम म्हणजे सकाळी चिमाजीला चौकातल्या टपरीवर न्यायचं आणि मिसळ, दोन चहा झाले की परत आणायचं. कंटेनर, रिक्षा, कंपनीच्या बसगाड्या, सगळ्यांच्या मधून ती मान खाली घालून चालायची. तिच्यावर त्याचा जीव होता हे कुणी नाकारणार नाही. भिजवलेला हरभरा तो स्वतःच्या हातानं द्यायचा, कडबा हुंगून घ्यायचा. कस्तुरा, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की लग्नात माझ्याकडं जेवढं बघितलं न्हाई तेवढं या घोडीच्या दातांकडं बघत्यात.

यंदा दिवाळीनंतर शेजारच्या गावच्या घाटात मात्र भलतंच झालं. अर्जुनरावांचे बैल सुटले, शेवंती पुढं निघाली, पण अर्ध्या चढावर तिचा वेग पडला. चिमाजीनं टाच मारली, आवाज दिला, काही उपयोग नाही. मागून बैल एवढे जवळ आले की त्यांचा गरम श्वास त्याला मांडीला लागला. शेवटी तो घोडी बाजूला काढून निसटला, बैल बुजले आणि बारी, म्हणजे बैलांची ती धाव, फुकट गेली. माणूस, जनावर कुणाला इजा झाली नाही, एवढंच बरं झालं. पण संध्याकाळपर्यंत घोडीचे पुढचे पाय सुजले आणि पाठीला हात लावला की ती कातडी थरथरवायला लागली.

अर्जुनराव तालेवार माणूस, पण तोंडाचा गोड. ते दोन दिवसांनी आले, घोडीच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "नाना, तुमच्या घोडीशिवाय आमचे बैल पळाले न्हाईत आजवर. पण चैतात आपल्या गावची यात्रा हाय. आपल्याच घाटात असं झालं तर तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई. तवर बरी झाली तर हीच. न्हाईतर मी दुसरी बघतो, वाईट वाटून घ्यू नका."

चिमाजीला वाईट वाटलं. अन्न गोड लागेना. गावच्या यात्रेत गावच्या बैलांपुढं परगावची घोडी पळणार आणि आपण घाटाच्या कडेला माणसांत उभं राहून बघायचं, हे त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. चैत्रापर्यंत शेवंतीला उभी करायची, एवढं एकच त्यानं मनात धरलं.

मग इलाज सुरू झाले. शक्ती कमी पडते म्हणून हरभरा दुप्पट केला, तर घोडीचं पोट फुगलं आणि ती जमिनीवर लोळायला लागली. एक अख्खी सकाळ चिमाजी तिला धरून गोदामाच्या भिंतीकडेनं चालवत होता. घोड्याला उलटी होत नाही, आत गेलेलं खालूनच बाहेर पडावं लागतं, तोवर मालकाचा जीव टांगणीला. ते निभावल्यावर कुणी म्हणालं दृष्ट लागली, मुजऱ्याचे फोटो फार झाले. काळा दोरा बांधून झाला. कुणी म्हणालं कपाळावरचा भोवरा जरा सरकल्यासारखा दिसतो. चिमाजी भोवऱ्याकडे बघत अर्धा दिवस बसला. भोवरा होता तिथंच होता.

नाल बदलायला चिखलीहून रहिमान आला. पिंपरी-चिंचवडमधल्या निम्म्या वरातीच्या घोड्यांचे नाल त्याच्या हातचे. त्यानं चारी खूर उचलून बघितले, जुने नाल काढून हातात फिरवले.

"नाना, खूर एकदम ठीक है. नालच लवकर घिसतात तुमच्या घोडीचे."

"डांबरी रस्ता, दुसरं काय," चिमाजी म्हणाला.

रहिमाननं एकवार चिमाजीकडे बघितलं, एकवार घोडीकडे. काहीतरी ओठावर आलं होतं ते त्यानं खिळ्यांबरोबर तोंडातच धरलं. "हां, डांबर तो है," एवढं म्हणून तो नाल ठोकायला लागला.

संक्रांतीच्या सुमारास डॉक्टर विजयश्री आल्या. या जनावरांच्या डॉक्टर, राजगुरुनगरकडून स्कूटरवर यायच्या आणि बोलायला मोजक्या. त्यांनी पाठ दाबून बघितली, पायाच्या शिरा चाचपल्या, पापणी उलटी करून पाहिली. हरभरा कमी, सुकी वैरण जास्त, पाण्यात मीठ आणि काही आठवडे पाठीवर काहीही नको, असं त्यांनी सांगितलं. "जंताचं औषध द्यायचंय, ते वजनावर असतं. अंदाजानं नको. वजन करून कळवा," म्हणाल्या. आणि स्कूटर चालू करता करता, "लहान चणीची आहे हो. पुढंही भार कमीच ठेवा."

भार कमी ठेवा हे चिमाजीनं मनावर घेतलं. चामड्याचं जुनं खोगीर माळ्यावर टाकलं आणि कापडी खोगीर शिवून घेतलं. गळ्यातली घुंगरं काढली. पाय ठेवायच्या पितळी रिकिबी काढून हलक्या लोखंडी बसवल्या. लगामाचे गोंडेसुद्धा कापले. कस्तुरा दारात बसून हे सगळं बघत होती.

"आता काय ऱ्हायलं काढायचं?" तिनं विचारलं.

"काय न्हाई. सगळं झालं."

कस्तुरा पदर तोंडाला लावून आत गेली.

काही आठवड्यांच्या आरामानं सूज उतरली, घोडी कान हलवायला लागली. मग वजनाचा प्रश्न. डॉक्टरबाईंनी छातीला टेप गुंडाळून वजन काढायची रीत सांगितली होती, पण चिमाजीचा टेपवर विश्वास नव्हता. तीस वर्षं कंपनीत मालाच्या गाड्या बघितलेला माणूस तो. हमरस्त्याला वाडीतल्याच एकाचा गाड्यांचा वजनकाटा होता. तिथं वाळूच्या डंपरपासून लोखंडाच्या पट्ट्यांपर्यंत सगळं तोललं जातं, तिथं एक घोडी जड नव्हती. सकाळी त्यानं शेवंतीवर कापडी खोगीर घातलं, ओट्यावर चढला. तिनं मुजरा केला, तो बसला आणि निघाला. डॉक्टरबाईंनी पाठीवर काही नको म्हटलं होतं खरं, पण काटा काही लांब नव्हता.

काट्याच्या खिडकीत मिनल बसायची. नात्यानं चिमाजीची पुतणी लागे, कॉम्प्युटरवर तिचाच हात. घोडी बघून तिनं माईकमधूनच विचारलं, "नाना, काय भरलंय?"

"चेष्टा नगं. वजन करायचंय हिचं."

"या मग. मधोमध घ्या."

पोकळ लोखंडाचा आवाज आला तशी शेवंती अडली. चिमाजीनं तिला पुचकारून वर घेतली आणि काट्याच्या मध्यावर ताठ बसून राहिला. काट्यावर ड्रायव्हर गाडीतून उतरत नाही, तो कशाला उतरेल? खिडकीवरच्या लाल आकड्यांत तीनशे नव्वद आले. चिमाजीचा चेहरा उजळला.

"बघ गं! आन् लोक म्हंत्यात घोडी वाळली."

"आता रिकामी दाखवा," मिनल म्हणाली.

"म्हंजे?"

"भरलेली झाली ना, आता रिकामी. त्याशिवाय मशीन पुढं जात नाही नाना. उतरा आणि काट्याच्या बाहेर थांबा."

चिमाजी उतरला. काट्याच्या कडेला पाय टेकायला ओटा नव्हता, त्यामुळं जरा धडपडतच उतरला. तो बाहेर गेल्यावर लाल आकडे खाली घसरत घसरत दोनशे ऐंशीवर थांबले. मिनलनं सवयीनं बटण दाबलं आणि सवयीनंच, समोर बघायच्या आधी, माईकवर वाचलं, "निव्वळ माल एकशे दहा."

मागं चार गाड्या थांबल्या होत्या. पहिल्या गाडीतला क्लीनर हसला, मग ड्रायव्हर हसला, मग मागच्यांना काय झालं ते कळलं आणि तेही हसले. मिनलनं तोंडावर हात ठेवला.

"नाना, मी मशीनवर आलं ते वाचलं हो."

चिमाजी आकड्यांकडे बघत उभा होता. खोगीर तर घोडीच्या पाठीवरच होतं. घुंगरं, रिकिबी, गोंडे, सगळं त्यानं आधीच कमी केलं होतं. एकशे दहात दुसरं कुणी वाटेकरी नव्हतं. एक लहानशी घोडी आणि तिच्यावर तिच्या एक तृतीयांशाहून जास्त माणूस, चढावर, मागं चौखूर उधळलेले बैल. प्रेस मशीनवर कुठला पत्रा किती दाब सोसतो हे झोपेत सांगणाऱ्या माणसाला हे गणित कुणी शिकवायची गरज नव्हती.

तो घोडीला हातानं धरून चालत घरी आला. चौकात टपरीवाल्यानं विचारलं, "नाना, घोडी असून पायी?" चिमाजी लगाम धरून पुढं गेला. घरी येऊन खोगीर उतरवलं, शेवंतीला पाणी दाखवलं आणि कस्तुरासमोर येऊन बसला.

"तुला म्हाईत व्हतं?"

कस्तुरा भाकरी थापत होती. "व्हय."

"आन् रहिमानला?"

"सगळ्या वाडीला म्हाईत व्हतं. तुमाला खाली उतरा म्हणायचं कुनी?"

"तू म्हणायचंस."

"म्हणले व्हते की मागं एकदा. तुमी रुसून जेवला न्हाई. आन् दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं जेवला."

चिमाजीनं ताटातली एक भाकरी काढून ठेवली. पुढचे काही दिवस तो चौकात पायी गेला आणि मिसळ न खाता परत आला. कमरेचा पट्टा एक भोक आत गेला. पण चैत्र तोंडावर आला होता, आणि पोट काही सुजेसारखं चार-दोन आठवड्यांत उतरत नाही. एका सकाळी तो ओट्यावर एकटाच बसून राहिला, घोडीला न बोलावता. घोडी पळाली पाहिजे होती. आपणही तिच्यावर असलो पाहिजे होतो. यातलं एक काहीतरी सोडायला लागणार, आणि कुठलं ते त्याला कळत होतं, म्हणूनच त्याला आतून तुटल्यासारखं होत होतं. मिसरूड फुटल्यापासून लोकांनी त्याला त्या एकाच नावानं ओळखलं होतं. घोडीवरून उतरल्यावर घोडीवाला काय उरतो?

त्याच्या खोल्यांत ज्ञानेश नावाचा भाडेकरू होता. नांदेडकडचा, लोहा तालुक्यातला, एका वेल्डिंग शॉपमध्ये शिफ्टनं जाणारा, बायकोबरोबर राहणारा, एका मुलीचा बाप. अंगानं एवढा किडकिडीत की चिमाजी त्याला सरळ काडी म्हणायचा. वारा सुटला की "काडी, दार लावून घे, उडशील," हा त्याचा ठरलेला विनोद. ज्ञानेशनं पूर्वी दोनदा सांगितलं होतं की त्याच्या मामाकडं घोडा होता, माळेगावच्या जत्रेत तो स्वतः बसून पळवायचा. चिमाजीनं दोन्ही वेळा ऐकलं न ऐकलंसं केलं होतं.

ज्ञानेश शिफ्टवरून येऊन हातपाय धूत होता, तिथं चिमाजी गेला.

"काडी, तुजं वजन किती?"

"पन्नासाच्या आसपास असंल. का हो नाना?"

"घाटात बसशील?"

ज्ञानेशच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "नाना, चेष्टा करलालाव का?"

"न्हाई." चिमाजीनं उगाच आवाज चढवला. "बसायचं आसंल तर उद्यापासून सकाळी पागेत यायचं. उशीर चालायचा न्हाई."

डॉक्टरबाईंनी घोडी तपासून हलक्या स्वाराला परवानगी दिली आणि शिकवणी सुरू झाली. चिमाजी मास्तर म्हणून फार वाईट होता. ज्ञानेश बरोबर करायचा तेव्हा हा गप्प राहायचा आणि चुकला की गोदामाच्या वॉचमनला ऐकू जाईल असा ओरडायचा. मागून बैल किती अंतरावर आहेत हे वळून न बघता कसं ओळखायचं, चढाच्या मध्यावर लगाम केवढा सैल सोडायचा, घोडीचा डावा कान पडला म्हणजे काय समजायचं, जे आजवर त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं तो चिडत चिडत सांगत गेला. ज्ञानेश मुकाट ऐकायचा. त्याला बसता येत होतं, यात शंका नव्हती.

एकच गोष्ट चिमाजीला खटकायची. ज्ञानेश ओटा वापरत नसे. जमिनीवरूनच आयाळीला हात घालून उडी मारायचा आणि पाठीवर जायचा. शेवंती वैरणीची काडी तोंडात तशीच चघळत राहायची, पाय हलवायची नाही की मान ताठ करायची नाही.

"बघ, मुजरा करीत न्हाई तुला," चिमाजीनं एकदा सुनावलं. "बसता येणं येगळं आन् मालक म्हणून मानणं येगळं. मुजरा कमवावा लागतो."

"असंल नाना," ज्ञानेश म्हणाला.

तेवढ्यानं चिमाजीला बरं वाटलं. घोडीवरून तो उतरला होता, पण मुजरा अजून त्याचाच होता. हे त्यानं कस्तुरालाही सांगितलं, टपरीवरही सांगितलं.

यात्रेचा दिवस उजाडला. घाटाच्या दोन्ही कडांना माणसं दाटली, कंपन्यांना सुट्टी नव्हती तरी निम्मी सेकंड शिफ्ट घाटावरच होती. शेवंतीला चिमाजीनं पहाटे स्वतः खरारा केला होता, नाल तपासले होते. घाटाच्या तळाशी त्यानं लगाम ज्ञानेशच्या हातात दिला, काहीतरी बोलायचं म्हणून "पडू नगंस" म्हणाला आणि चढ चालत वरच्या टोकाला गेला. चढ चालताना त्याला तीनदा थांबावं लागलं. याच चढावरून तो वर्षानुवर्षं बसून गेला होता. तो केवढा चढ आहे हे त्याला आज कळलं.

वरून माईकवर पुकारा झाला. अर्जुनरावांचे बैल, पुढं घोडी चिमाजीनानांची. मग निवेदक अडखळला, कागदाकडे बघितलं. "स्वार ज्ञानेश, मुक्काम वाघजाईवाडी."

निशाण पडलं. खाली धुळीचा लोट उठला आणि त्यातून शेवंती बाहेर आली. चिमाजीनं तिला असं कधी बघितलंच नव्हतं, कारण तो नेहमी तिच्या पाठीवर असायचा. मान लांब, पोट जमिनीला लागेलसं, चारी पाय एकदम उचललेले. ती अर्ध्या चढावर आली. मागच्या खेपेला शेजारच्या घाटात एवढ्याच चढावर तिचा वेग पडला होता. आज ती हलकेच आणखी वेगात आली. मागं बैल, मधलं अंतर नेमकं तेवढंच. माणसांचा भिर्रर्र असा एकच आवाज उठला, आणि ती त्याच्या समोरून वारं लागेल अशी निघून गेली. चिमाजीनं आपल्या दोन्ही मांड्या आवळून धरल्या होत्या. घोडी पुढं गेल्यावर त्याला ते कळलं आणि त्यानं त्या सैल सोडल्या.

बारी पहिल्या नंबरात बसली. अर्जुनराव माणसं बाजूला करत आले आणि त्यांनी चिमाजीला मिठी मारली. तिकडं ज्ञानेशला लोकांनी एका हातात उचललं होतं, काडीसारखाच. चिमाजीला त्याचा राग आला नाही. आनंद झाला, आणि त्या आनंदात थोडं कडू होतं, पण आनंद झाला.

लिंबाखाली शेवंतीला बांधलं होतं. पाठीवर खोगीर नव्हतं, अंगावर घामाचे ओघळ होते. तोंडासमोर लसूणघासाची पेंढी होती आणि ती एक पाय ढिला सोडून निवांत खात होती. तोवर तिच्या अंगाखांद्यावर कितीतरी माणसांनी हात फिरवले होते, तिनं कुणाकडे बघितलंही नव्हतं. चिमाजी शाबासकी द्यायला जवळ गेला. नेहमीच्या बाजूनं, नेहमीसारखा डावा हात त्यानं तिच्या मानेवर ठेवला.

घोडीचं चघळणं थांबलं. ढिला पाय तिनं खाली घेतला. चारी पाय फाकवले, मातीत रोवले, मान ताठ केली, कान मागं टाकले आणि श्वास आत ओढून धरला. त्याच्या हाताखाली तिच्या पाठीची कातडी थरथरायला लागली.

"अरे, मुजरा! मुजरा!" मागून अर्जुनराव पाहुण्यांना घेऊन येत होते. "या या, बघा. मालकाला बघितल्यावर कशी उभी राहती. नाना, हलू नका, फोटो काढू द्या."

मोबाईल वर झाले. चिमाजीचा हात तिथंच होता. एवढी वर्षं ज्या गोष्टीचं त्यानं चारचौघांत कौतुक सांगितलं, ती त्याला आता कळली होती, आणि लाजेनं त्याच्या कानशिलांना आग लागली.

"फोटो नगा काढू," तो म्हणाला.

"का हो नाना?"

"मुजरा न्हाई त्यो, अर्जुनराव." तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "मी बसनार म्हणून पाय रोवती ती. माजं वजन पेलायची तयारी हाय ही. कायम तीच व्हती."

एकेक मोबाईल खाली आला. चिमाजीनं हात काढून घेतला आणि दोन पावलं मागं सरकला. शेवंती तशीच उभी होती, पाय रोवून, वाट बघत. तो आणखी मागं गेला, तरी तिनं पाय हलवले नाहीत. मग तो हळूच खाली टेकला, यात्रेच्या धुळीत, पांढऱ्या कपड्यांनिशी, तिच्या समोर, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

बऱ्याच वेळानं तिनं श्वास सोडला. पाय जवळ घेतले, मान खाली केली आणि घासाची पेंढी पुन्हा तोंडात धरली.